टर्मिनलच्या पडद्यावर धाराशिवचे रकाने

टर्मिनलची खिडकी ही समान आकाराच्या चौकोनांची जाळी असते. गणिताच्या चौकटीच्या वहीत एका चौकोनात एक आकडा लिहितात, तसे टर्मिनल एका चौकोनात एक अक्षर बसवते. फायलींची यादी देणारे ‘एलएस’, मजकुरात शोध घेणारे ‘ग्रेप’, डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारे ‘डीएफ’ अशी कमांड लाइनवरची सगळी साधने आपले उत्तर याच जाळीत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली लिहीत जातात. इथे चित्र नाही, मोठा मथळा नाही, लहानमोठा टाइप नाही. वाचणाऱ्याला हवी ती ओळ चटकन सापडावी यासाठी रकाने, मोकळी जागा, क्रम आणि थोडा रंग एवढीच सामग्री हाताशी असते. ती नीट वापरली तर हजार ओळींचे उत्तरही वाचता येते. नाही तर वीस ओळींतही डोळा भरकटतो.

धाराशिव जिल्ह्याची माहिती समोर ठेवली की हा विषय चांगला उलगडतो. जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा असे आठ तालुके आणि सातशेहून अधिक गावे आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. गावनिहाय लोकसंख्या, तालुकानिहाय पाऊस, शाळांची यादी अशी माहिती पुष्कळदा स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकूर फायलीत, म्हणजे सीएसव्हीत ठेवलेली असते. गावांची अशी फाइल ‘कॅट’ या कमांडने पडद्यावर ओतली, की सातशे ओळी सर्रकन वर निघून जातात आणि समोर उरतात शेवटच्या पंचवीस-तीस. त्यांतले आकडेही एकाखाली एक येत नाहीत, कारण आधीच्या रकान्यातले गावाचे नाव कुठे आखूड तर कुठे लांब असते. नावे देवनागरीत असतील तर रकाने जुळवायला गेल्यावरही जुळत नाहीत. मराठी माहितीवर काम करणाऱ्याला ही शेवटची अडचण सर्वात जास्त छळते, म्हणून तिच्याकडे पुढे सविस्तर पाहायला हवे.

या जाळीचे माप कुठून आले, तेही पाहण्यासारखे आहे. आयबीएमने १९२८ मध्ये ऐंशी रकान्यांचे छिद्रकार्ड आणले. पुढची अनेक दशके संगणकावरची एक ओळ म्हणजे ऐंशी अक्षरे, असा संकेत त्यामुळे रूढ झाला. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरुवातीच्या काळात पडदाही नव्हता. टेलिटाइप नावाचे यंत्र कागदाच्या गुंडाळीवर खडखडत उत्तर छापायचे, आणि म्हणूनच त्या काळची साधने मोजके बोलतात. काम बिनचूक झाले तर ती काहीच छापत नाहीत. १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे व्हीटी १०० हे पडद्याचे टर्मिनल आले: २४ ओळी, दर ओळीत ८० चौकोन. आजची टर्मिनल खिडकी हवी तेवढी ताणता येते, पण ती उघडते तेव्हा पुष्कळदा याच मापाची असते, आणि आतून ती व्हीटी १०० चीच भाषा बोलते.

साधनाने दिलेले उत्तर दोघे वाचू शकतात: माणूस किंवा दुसरा प्रोग्राम. १९७३ मध्ये युनिक्समध्ये ‘पाइप’ आला. एका साधनाचे उत्तर थेट दुसऱ्याच्या तोंडी देणारी ही उभी रेघ डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून आली. तेव्हापासून एकच उत्तर दोन प्रकारे लिहिण्याची गरज निर्माण झाली. माणसाला रुंद रकाने, मथळे आणि रंग हवे असतात. पुढच्या प्रोग्रामला एका ओळीत एक नोंद आणि ठरलेला विभाजक पुरतो, किंबहुना तेवढाच हवा असतो. चांगले साधन लिहिण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिमला विचारते की उत्तर टर्मिनलवर चालले आहे की दुसरीकडे. सी भाषेत हे विचारणाऱ्या फंक्शनचे नाव ‘इझ-ए-टीटीवाय’. ‘एलएस’चे वागणे पाहिले की हे लगेच कळते. टर्मिनलवर ते फायलींची नावे खिडकीच्या रुंदीप्रमाणे तीन-चार रकान्यांत मांडते. तेच उत्तर पाइपमधून ‘डब्ल्यूसी’कडे मोजायला पाठवले तर एका ओळीत एक नाव देते. वापरणाऱ्याला काहीही सांगावे लागत नाही. नव्या साधनाचा दर्जा जोखायचा असेल तर ते ही चौकशी करते की नाही, हे आधी पाहावे.

वाचनीयतेचे पहिले काम म्हणजे नको ते गाळणे. सातशे गावांची यादी कुणी सलग वाचत नाही. ‘हेड’ने पहिल्या दहा ओळी पाहिल्या की रकाने कोणते आहेत ते कळते. ‘डब्ल्यूसी’ला हायफन एल हा पर्याय दिला की एकूण ओळी मिळतात. ‘कट’ने हवे तेवढे रकाने काढून घेता येतात आणि ‘ग्रेप’ने फक्त परंडा तालुक्याच्या ओळी निवडता येतात. ‘सॉर्ट’ने लोकसंख्येप्रमाणे उतरता क्रम लावला की मोठी गावे वर येतात. तिथे आकड्यांसाठीचा हायफन एन हा पर्याय विसरला तर ९०० हे १२०० पेक्षा मोठे ठरते, कारण तुलना पहिल्या अंकापासून अक्षरांसारखी होते. नावांच्या क्रमातही असा खाचखळगा आहे. ‘सॉर्ट’ला भाषेची माहिती दिली नसेल तर ते युनिकोडमधल्या क्रमांकांप्रमाणे नावे लावते, आणि त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये येतो. मराठी वर्णमालेत त्याची जागा ‘ह’नंतर आहे.

उरलेले उत्तर पडद्यापेक्षा लांब असेल तर पेजर लागतो. १९७८ मध्ये बर्कलीच्या डॅनियल हॅल्बर्ट यांनी ‘मोअर’ लिहिले. ते एक पडदाभर मजकूर दाखवून थांबायचे, पण मागे जाता येत नसे. ती उणीव भरून काढण्यासाठी मार्क नुडेलमन यांनी १९८० च्या दशकात ‘लेस’ लिहिले. आज टर्मिनलवर लांब मजकूर वाचायचा तर ‘लेस’सारखे दुसरे साधन नाही. तिरका दंड दाबून शब्द शोधता येतो, एन दाबून पुढच्या जागी जाता येते, क्यू दाबून बाहेर पडता येते. रुंद तक्त्यांसाठी त्याचा हायफन मोठा एस हा पर्याय फार मोलाचा आहे. तो दिला नाही तर खिडकीत न मावणारी ओळ मोडून खालच्या ओळीवर येते, एका गावाची नोंद दोन-तीन ओळींत सांडते आणि वरखालचे रकाने एकमेकांत मिसळतात. पर्याय दिला की ओळ कडेला कापली जाते आणि बाणाच्या कळांनी उजवीकडे सरकता येते. ‘लेस’च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मथळ्याची ओळ वर बांधून ठेवण्याचीही सोय आहे. त्यामुळे चारशेव्या गावाशी पोचल्यावरही कोणता आकडा पुरुषांचा आणि कोणता स्त्रियांचा हे विसरायला होत नाही.

रकाने जुळवण्यासाठी लिनक्स आणि मॅक दोन्हींवर ‘कॉलम’ नावाचे साधन असते. त्याला हायफन टी म्हणजे तक्ता आणि हायफन एस म्हणजे विभाजक असे सांगितले की ते सगळ्या ओळी एकदा वाचून प्रत्येक रकान्यातली सर्वात लांब नोंद शोधते आणि बाकीच्यांना तेवढी मोकळी जागा जोडते. नोंदीच्या आतच स्वल्पविराम असेल, उदाहरणार्थ अवतरणचिन्हांत लिहिलेला पत्ता, तर मात्र ते फसते. तिथे सीएसव्ही समजणारे साधनच लागते. आकड्यांचा रकाना नेहमी उजवीकडे टेकलेला असावा, म्हणजे एककाखाली एकक येते आणि कोणता आकडा मोठा हे अंक न वाचताही दिसते. मोठ्या आकड्यांत स्वल्पविराम हवेत, आणि ते भारतीय पद्धतीचे. १६५७५७६ हा आकडा नुसता पाहून लाख किती ते मोजावे लागते, १६,५७,५७६ मध्ये ते समोरच असते. भारतीय लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाची सेटिंग, निवडले असेल तर ठरलेल्या साच्यात मजकूर छापणाऱ्या ‘प्रिंटएफ’ला अपॉस्ट्रॉफी जोडून सांगितल्यावर असे गट पडतात. फायलींच्या आकारासाठी ‘एलएस’ आणि ‘डीएफ’ यांचा हायफन एच पर्याय लांबलचक आकड्याऐवजी मेगाबाइट-गिगाबाइटमध्ये उत्तर देतो.

आता देवनागरीचा प्रश्न. रकाना जुळवायचा म्हणजे शब्द किती जागा घेतो ते मोजायचे. रोमन लिपीत हे मोजणे इतके सरळ आहे की त्यात काही प्रश्न आहे हेच पुष्कळ वर्षे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या लक्षात आले नाही: एक अक्षर, एक बाइट, एक चौकोन. देवनागरीत या एका मापाची चार मापे होतात. ‘धाराशिव’ हा शब्द घ्यावा. वाचणाऱ्याला त्यात धा, रा, शि, व अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ध, काना, र, काना, श, पहिली वेलांटी आणि व असे सात घटक होतात. साठवताना वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे एकवीस बाइट. आणि पडद्यावरचे चौकोन किती, हे त्या घटकांच्या जातीवर ठरते. काना, वेलांटी, मात्रेसह काना ही चिन्हे युनिकोडने जागा घेणारी मानली आहेत. उकार, अनुस्वार, एक मात्रा आणि हलन्त ही जागा न घेणारी. म्हणून ‘धाराशिव’ला सात चौकोन मिळतात.

जिल्ह्यातलेच दुसरे नाव शेजारी ठेवले की गोंधळ कुठून येतो ते दिसते. ‘नळदुर्ग’चेही घटक सात आणि बाइट एकवीसच; पण त्यातला उकार आणि हलन्त जागा घेत नसल्यामुळे चौकोन पाचच होतात. ‘तुळजापूर’चे घटक आठ, बाइट चोवीस, चौकोन सहा. ‘भूम’चे घटक तीन, बाइट नऊ, चौकोन दोन. ‘वाशी’त अक्षरे ‘भूम’इतकीच, दोन, पण चौकोन चार.

आता बॅश या कमांड शेलच्या ‘प्रिंटएफ’ला नावासाठी चोवीसची रुंदी द्यायला सांगितली, तर ते पारंपरिक नियमानुसार चोवीस बाइट मोजते. ‘तुळजापूर’ चोवीस बाइटचे असल्यामुळे त्याला मोकळी जागा मिळतच नाही आणि पुढचा आकडा नावाला चिकटून सातव्या चौकोनात सुरू होतो. ‘धाराशिव’ला तीन मोकळ्या जागा मिळतात, तिथे आकडा अकराव्या चौकोनात येतो. ‘भूम’ला पंधरा मिळतात आणि आकडा थेट अठराव्यात जातो. सर्वात लहान नावाचा आकडा सर्वात दूर आणि सर्वात लांब नावांपैकी एकाचा आकडा सर्वात जवळ, अशी तक्त्याची पूर्ण उलथापालथ होते. तीच नावे रोमन लिपीत असती तर सगळे आकडे एका रेषेत, पंचविसाव्या चौकोनात उभे राहिले असते.

पायथनसारख्या भाषा बाइट न मोजता युनिकोडचे घटक मोजतात. त्यामुळे चूक लहान होते, पण जात नाही. नावाला बारा घटकांची रुंदी दिली तर ‘धाराशिव’ आणि ‘वाशी’ यांचे आकडे तेराव्या चौकोनात येतात, ‘भूम’चा बाराव्यात आणि ‘तुळजापूर’चा अकराव्यात. तक्ता वाचता येतो, पण त्याची कड वाकडीतिकडी दिसते. ही उणीव अधिक घातक म्हणावी लागेल, कारण ती ‘चालते’ म्हणून वर्षानुवर्षे तशीच राहते.

बरोबर माप म्हणजे चौकोनांचे. ते सांगणारे ‘डब्ल्यूसीविड्थ’ हे फंक्शन पॉझिक्स प्रमाणकात आहे, आणि केंब्रिज विद्यापीठातल्या मार्कुस कून यांनी लिहिलेली त्याची मुक्त आवृत्ती अनेक टर्मिनलांनी आणि साधनांनी उचलली. पायथनसाठी याच नावाची लायब्ररी मिळते. लिनक्सवरचे ‘कॉलम’ही चौकोनच मोजते. म्हणून देवनागरी तक्त्यासाठी हाताने मोकळ्या जागा भरणारा प्रोग्राम लिहिण्यापेक्षा नोंदी टॅबने तोडून ‘कॉलम’कडे सोपवणे हा सोपा आणि खात्रीचा मार्ग आहे. त्याहूनही साधा उपाय म्हणजे देवनागरी नावाचा रकाना सर्वात शेवटी ठेवणे. आधी संकेतांक आणि आकडे, मग नाव. नावानंतर काहीच यायचे नसेल तर त्याची रुंदी कितीही असो, बिघडण्यासारखे काही उरत नाही.

चौकोन बरोबर मोजले तरी चित्र बरोबर उमटेलच असे नाही. ‘शि’मध्ये वेलांटी साठवली जाते ‘श’नंतर, पण काढावी लागते ‘श’च्या आधी. ‘नळदुर्ग’मधला रफार ‘ग’च्या डोक्यावर जातो आणि त्याच्या वाट्याचा चौकोन रिकामा पडतो. ही जोडणी करण्यासाठी हार्फबझसारखी लायब्ररी शब्दाचा सलग तुकडा हातात घेते. जुनी टर्मिनले मात्र प्रत्येक चौकोन सुटा रंगवतात. मग वेलांटी चुकीच्या बाजूला लटकते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहतात. शिवाय सर्व अक्षरांची रुंदी सारखी असलेले देवनागरी टाइप फार थोडे आहेत. खिडकीसाठी निवडलेल्या रोमन टाइपात देवनागरी नसली की टर्मिनल दुसराच कुठला तरी टाइप उसना घेते आणि अक्षरे एकमेकांवर चढतात. एमएलटर्म हे बहुभाषी टर्मिनल भारतीय लिप्यांचा विचार करून बनवलेले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने हलन्ताने जोडलेली व्यंजने एकच अक्षर मानण्याचा नियम घातला. त्याआधीच्या नियमांनी धाराशिवच्या जुन्या नावाची, ‘उस्मानाबाद’ची, सहा अक्षरे होत, आता ‘स्मा’ एकत्र धरून पाच होतात, म्हणजे मराठी माणूस मोजेल तितकीच. टर्मिनले हळूहळू हा नियम स्वीकारत आहेत, पण टर्मिनल आणि साधन यांपैकी एकानेच तो स्वीकारला तर दोघांची मोजदाद जुळत नाही आणि लिहिताना कर्सर भलतीकडे दिसू लागतो.

अक्षरी पडद्यावर देवनागरी बसवण्याची खटपट आपल्याकडे जुनी आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. त्यांचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसवरच्या मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्रामांत भारतीय लिप्या दिसत. अक्षरजोडणीचे अवघड काम कार्ड स्वतः करायचे. त्यामागची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली आणि युनिकोडमधला देवनागरीचा १२८ जागांचा पट्टा तिच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून आखला गेला. इस्कीत एका घटकाला एकच बाइट लागे. ‘धाराशिव’ सात बाइटांत मावत असे. जिस्टने लिपीचे ओझे साधनांवर न टाकता पडद्याच्या बाजूने उचलले होते. तो विचार बरोबर होता आणि आजच्या टर्मिनलांनी तिथवर पोचायला हवे.

कधी कधी देवनागरी अजिबातच दिसत नाही. दूरच्या सर्व्हरवर लोकेल ठरवलेले नसले तर ‘एलएस’ धाराशिव नावाच्या फाइलऐवजी उलट्या तिरक्या दंडांची आणि आकड्यांची माळ दाखवते. ‘ध’च्या जागी ३४०, २४४, २४७ असे तीन आकडे येतात, आणि चार अक्षरांचे नाव चौऱ्याऐंशी चिन्हांचे होते. फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारे गिटही पूर्वनिर्धारित सेटिंगमध्ये असेच करते. त्याचा ‘कोअर कोटपाथ’ हा पर्याय बंद केला की नाव सरळ दिसते. लोकेलमध्ये यूटीएफ-८ निवडणे हा सर्व्हरवरचा इलाज. फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेली असेल तर मात्र टर्मिनलवर रोमन चिन्हांचा निरर्थक चुराडाच दिसणार. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

धाराशिवच्या माहितीत नावाची आणखी एक बाजू आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव उस्मानाबादऐवजी धाराशिव झाले. जुन्या फायलींत एक नाव, नव्यांत दुसरे, काहींत दोन्ही. नव्या नावाने ‘ग्रेप’ केले तर २०११ च्या जनगणनेची एकही ओळ सापडत नाही, आणि उत्तर रिकामे आले म्हणजे माहितीच नाही असा वाचणाऱ्याचा समज होतो. ‘ग्रेप’ला दोन्ही नावे एकदम देता येतात, पण कायमचा तोडगा संकेतांकाचा. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा क्रमांक ५२५ आहे. वाहनांवरचा एमएच २५ हा क्रमांकही नाव बदलल्यावर तोच राहिला. शोध आणि जुळणी संकेतांकावर करावी आणि नाव फक्त दाखवण्यासाठी ठेवावे. जुनी आकडेवारी वाचताना सालही शेजारी दिसले पाहिजे, कारण ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत उस्मानाबाद या नावात आजचा बराचसा लातूर जिल्हाही येत होता.

रंगाचा विचार सर्वात शेवटी करावा. टर्मिनलला रंग सांगण्याची पद्धत १९७० च्या दशकात ठरलेल्या प्रमाणकातून आली आहे. आधी एस्केप हे २७ क्रमांकाचे अदृश्य चिन्ह, मग चौकोनी कंस, मग ३१ हा आकडा आणि ‘एम’ हे अक्षर पाठवले की पुढचा मजकूर लाल होतो. ३१ ऐवजी शून्य पाठवले की रंग मूळपदावर येतो. ही चिन्हे पडद्यावर दिसत नसली तरी मजकुरात असतात. म्हणून रंगीत उत्तर फाइलमध्ये साठवले तर ती कचऱ्यासारखी मध्येमध्ये डोकावतात, आणि रुंदी मोजणाऱ्या प्रोग्रामने त्यांनाही अक्षरे धरले तर रकाने पुन्हा विस्कटतात. ‘ग्रेप’ आणि ‘एलएस’ला रंगाबाबत ‘ऑटो’ सांगितले की टर्मिनलवर रंग आणि पाइपमध्ये साधा मजकूर असा योग्य भेद ती करतात. ‘लेस’मध्ये रंग टिकवायचे तर हायफन मोठा आर द्यावा लागतो. रंग नकोच असलेल्यांसाठी २०१७ पासून ‘नो कलर’ नावाचा संकेत पुढे आला. या नावाचे चल ठरवून ठेवले की तो पाळणारी साधने रंग देत नाहीत.

रंग निवडताना एका पडद्यावर दोन-तीनच असावेत. काळ्या पार्श्वभूमीवरचा गडद निळा आणि पांढऱ्यावरचा पिवळा जवळजवळ वाचताच येत नाही, तरीही अनेक टर्मिनलांच्या मूळ रंगसंगतीत हे जोड आढळतात. लाल म्हणजे चूक आणि हिरवा म्हणजे ठीक, एवढ्यावर विसंबणेही बरोबर नाही. ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत अशा लोकांसाठी ‘चूक’ किंवा ‘ठीक’ हा शब्दही तिथे हवा.

चुकांचे संदेश ही वाचनीयतेची वेगळी कसोटी आहे. युनिक्समध्ये उत्तर आणि तक्रार यांसाठी दोन स्वतंत्र वाहिन्या आहेत. पावसाच्या नोंदी वाचताना एखाद्या ओळीत आकड्याऐवजी रिकामी जागा निघाली, तर तो इशारा तक्रारीच्या वाहिनीवर जायला हवा. म्हणजे तक्ता फाइलमध्ये साठवला तरी इशारा पडद्यावर दिसतो आणि तक्त्यात मिसळत नाही. संदेशात कोणती फाइल, कितवी ओळ, काय अपेक्षित होते आणि काय मिळाले, हे सगळे असावे. ‘माहिती अवैध’ एवढेच सांगणारा संदेश वाचणाऱ्याला पुन्हा सातशे ओळींत शोधायला पाठवतो. ‘ओळ ४१२: लोहारा तालुक्याच्या नोंदीत पर्जन्यमान रिकामे’ असा संदेश त्याचे काम एका मिनिटावर आणतो.

सीएसव्हीऐवजी हल्ली पुष्कळ माहिती जेसन या रूपात येते, आणि तीही पुष्कळदा हजारो अक्षरांच्या एकाच ओळीत. २०१२ मध्ये आलेले ‘जेक्यू’ हे साधन ती पायरीपायरीने आत सरकवून मांडते. हवी ती कळ सांगितली तर तेवढेच मूल्य बाहेर काढते आणि टॅबने तोडलेल्या ओळीही बनवून देते. त्या ओळी ‘कॉलम’ला आणि तिथून ‘लेस’ला दिल्या की तीन साध्या साधनांतून वाचता येण्याजोगा तक्ता उभा राहतो. अशी रोजची जोडणी बॅशच्या सेटिंग फाइलमध्ये एखाद्या छोट्या नावाने साठवून ठेवता येते. ‘लेस’चे नेहमीचे पर्याय तर ‘लेस’ नावाच्याच चलात कायमचे लिहिता येतात.

टर्मिनल डोळ्यांनीच वाचले जाते असेही नाही. दृष्टिहीन वापरकर्ते पडदावाचक प्रोग्रामच्या साहाय्याने ते ऐकतात. ईस्पीक एनजी या मुक्त वाचकयंत्रणेत मराठीही आहे. त्यांच्यासाठी उभ्याआडव्या रेघांनी आखलेला तक्ता म्हणजे रेघांच्या नावांचा भडिमार, आणि सेकंदागणिक बदलणारी प्रगतीची पट्टी म्हणजे अखंड व्यत्यय. साधनात सजावट बंद करून ‘तालुका भूम, गाव ईट’ अशा क्रमाने एका ओळीत एक नोंद देण्याचा पर्याय असला, की तोच मजकूर ऐकणाऱ्यालाही कळतो आणि पाइपमधल्या पुढच्या प्रोग्रामलाही.